तीन दिवसांचं पॅकेज आणि दहा दिवसांचा घसा

लेकीचं टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइडचं (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) ऑपरेशन जानेवारीत झालं, इथेच नाशिकला, आणि त्यासोबत आम्ही एका होम केअर कंपनीचं 'ऑपरेशननंतर घरची काळजी, लहान मुलांसाठी' असं साडेसहा हजाराचं पॅकेज घेतलं होतं, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, मला कुणाशी भांडण काढायचं नाही आणि नावापेक्षा असं काही घेताना काय विचारायचं ते कळलं तर जास्त बरं. पाचपैकी दोन स्टार. दोन कशाचे आणि तीन का कापले ते सांगते, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागचं. आमची बबडी साडेपाच वर्षांची, वजन १७ किलो (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे). दीड वर्षापासून रात्री ट्रॅक्टरसारखी घोरायची, तोंड सतत उघडं, झोपेत मधेच श्वास अडकायचा आणि मग दचकून एकदम ओढायची, ते बघत मी रात्र रात्र बसलेय. दर महिन्याला घसा, ताप, अँटिबायोटिक. शेवटी कान-नाक-घसावाले डॉक्टर म्हणाले आता काढूनच टाकू. ठीक. संक्रांतीच्या आठ दिवस आधीचा मंगळवार मिळाला.

पॅकेज विकलं कसं तर आम्ही काउंटरवर कॅशलेसचा फॉर्म भरत होतो, नवरा आधार कार्डाची झेरॉक्स शोधतोय, पोरगी पाण्याच्या कूलरचा नळ चालू-बंद करतेय, आणि तेवढ्यात टी-शर्ट घातलेला एक मुलगा गोड बोलत आला. मॅडम, घरी गेल्यावर टेन्शन नको, तीन दिवस ट्रेंड सिस्टर घरी येणार, रिकव्हरी किट मिळणार, अ‍ॅपवर चोवीस तास डॉक्टर. त्या वेळी मला कुणी साडेसहा हजाराला गंडा-दोरा विकला असता तरी मी घेतला असता. तीनच दिवस का, हे मी विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं, सगळा रिव्ह्यू खरं म्हणजे या एका प्रश्नाचा आहे.

आता पॅकेजच्या बाहेरची एक गोष्ट, जी फुकट मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या मॅडमचा स्वतःहून फोन आला, पंधरा मिनिटं बोलल्या. रिसेप्शनवरून आम्हाला सांगितलेलं रात्री बारानंतर काहीच द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. मॅडम म्हणाल्या, जेवण सहा तास आधी बंद, दूधसुद्धा जेवणातच धरायचं, पण साधं पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, उलट द्याच, पोरं चिडचिडी होत नाहीत. नऊ वाजता नंबर होता, सातला तिने अर्धा कप साखरपाणी प्यायलं आणि खरंच शांत होती. (प्रत्येकाने आपापल्या भूलवाल्या डॉक्टरांना विचारा हं, माझं ऐकून पाजू नका.) मग म्हणाल्या, हातावर सुई टोचायच्या आधी तासभर एक बधिर करायचं क्रीम लावून ठेवू, आणि भूल उतरताना ती रडेल. नुसती रडणार नाही, तुम्हाला ओळखणार नाही, हातपाय झाडेल, काहीही बोलेल. या वयात असं बऱ्याच मुलांचं होतं, पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास. तुम्ही घाबरू नका, समजावत बसू नका, फक्त धरून ठेवा, ती पडणार नाही आणि सलाईन ओढणार नाही एवढं बघा. तिला नंतर यातलं काही आठवणार नाही.

आणि झालं अगदी तस्संच. रिकव्हरीत मला आत बोलावलं तेव्हा ती मावशींच्या हातातून सुटायला बघत होती, डोळे उघडे पण नजर कुठेतरी पलीकडे, आणि किंचाळत होती 'आई पाहिजे, मला आई पाहिजे'. मी तिला मांडीवर घेऊन बसलेले. माझ्याच मांडीवर बसून, माझ्याच ओढणीला धरून ती मला ढकलत होती आणि आई पाहिजे म्हणत होती. आदल्या दिवशीचा तो फोन नसता तर मी तिथेच कोसळले असते, खोटं सांगत नाही. मी घड्याळ बघत बसले. अठराव्या मिनिटाला तिने एक लांब हुंदका दिला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'आई, माझी चप्पल कुठेय?' आवाज सगळा नाकातून, पण चप्पल आठवली म्हणजे पोरगी आपली परत आली.

संध्याकाळी सहाला डिस्चार्ज. गाडीत मी मागे तिच्याजवळ बसले, नवरा चालवत होता. हेही मॅडमनीच सांगितलेलं की पहिल्या दिवशी गुंगी असते, गाडीत झोपली तर मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, त्यामुळे एक मोठं माणूस शेजारी पाहिजेच, चालवणारा सोडून. पूर्ण रस्ताभर मी तिची हनुवटी दोन बोटांवर धरून बसलेले. घरी पोचल्यावर एक उलटी झाली, तपकिरी, कॉफीच्या गाळासारखी. ऑपरेशनच्या वेळी थोडं रक्त गिळलं जातं तेच जुनं रक्त येतं, एक-दोनदा चालतं, हेही माहीत होतं म्हणून निभावलं. पुढचे चोवीस तास सायकल नाही, जिन्यावर एकटीने नाही, बाथरूमला पण हात धरून.

आता किट. बुधवारी सकाळी सिस्टरबरोबर आलं, छान निळा बॉक्स, वर हसणारं अस्वल.

डिजिटल थर्मामीटर, चांगला, अजून वापरतोय. सुई नसलेली दहा एमएलची सिरिंज, जिच्यावर मापाच्या रेघा असतात, ती अख्ख्या बॉक्समधली सगळ्यात भारी वस्तू आणि मेडिकलमध्ये ती वीस-पंचवीस रुपयांत मिळते. चमच्याने द्यायला गेलं की अर्धं हनुवटीवर सांडतं आणि मग किती पोटात गेलं कुणाला माहीत. सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, थेट घशावर पिचकारी मारायची नाही, ठसका लागतो. सिस्टरने हे नीट करून दाखवलं, एक स्टार पूर्ण त्याचा.

गळ्याभोवती बांधायचा थंड जेलचा पट्टा होता. बबडीने एकदा बांधून घेतला, आरशात बघितलं आणि म्हणाली मी काय कुत्रा आहे का. त्यानंतर तो फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी पडून होता, आता सासूबाई गुडघ्याला लावतात आणि खूश आहेत.

स्टिकरचा तक्ता मस्त होता. तो खरं तर 'आज मी किती शूर' असा होता, आम्ही त्याचा पाणी पिण्याचा तक्ता केला, दर अर्ध्या वाटीला एक स्टिकर. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर घरच्यांचं मुख्य काम हेच असतं, पाजत राहणं. घसा कोरडा पडला की जास्त दुखतो, दुखतं म्हणून मूल गिळत नाही, गिळत नाही म्हणून अजून कोरडा पडतो. खाल्लं नाही चार दिवस तरी डॉक्टर काळजी करत नाहीत, प्यायलं नाही तर मात्र लगेच विचारतात.

आणि शेवटी 'एनर्जी ड्रिंक पावडर'ची सहा पाकिटं. स्ट्रॉबेरी फ्लेवर. लालभडक.

हे ज्याने कुणी ठरवलं त्याला मला एकदा भेटायचंय. टॉन्सिल काढलेल्या पोराला लाल रंगाचं काही प्यायला द्यायचं नसतं, कोकम सरबत नाही, बिटाचा रस नाही, गुलाब सरबत नाही, कारण उलटी झाली किंवा थुंकली तर रक्त आहे की रंग हे कळत नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं, ज्यांनी बॉक्स भरला त्यांना माहीत असायला हवं होतं. बुधवारी संध्याकाळी तिने एक पाकीट आवडीने प्यायलं. रात्री पावणेबाराला उठली, ओकारी आली आणि सगळ्या पांघरुणावर गुलाबी-लाल. मी अ‍ॅप उघडलं, हात थरथरत होते, टाईप केलं, मुलीला लाल उलटी झालीये काय करू. उत्तर आलं, 'नमस्कार! आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधा.' चोवीस तास डॉक्टर म्हणजे चोवीस तास हे वाक्य. नवऱ्याने हॉस्पिटलच्या साध्या लँडलाईनवर फोन लावला, आरएमओ (हॉस्पिटलचे ड्युटीवरचे डॉक्टर) जागे होते, त्यांनी तीन प्रश्न विचारले. रक्ताच्या गुठळ्या आहेत का? नाही. घशातून अजून येतंय का, ती सारखी गिळतेय का? नाही. लाल काही प्यायली आहे का?

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. बॉर्नव्हिटाच्या डब्याजवळ ते फाडलेलं पाकीट पडलेलं.

आरएमओ म्हणाले तरी टॉर्च लावून घसा बघा, झोपल्यावर लक्ष ठेवा, झोपेत सारखी सारखी गिळायला लागली किंवा ताजं लाल रक्त दिसलं तर विचारत बसू नका, गाडीत घाला आणि या. हे झोपेत गिळण्याचं मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण लहान मुलं रक्त थुंकत नाहीत, गिळतात, आणि आपल्याला वाटतं शांत झोपलीये. रात्रभर तिच्या गळ्याकडे बघत बसले. काही नव्हतं, स्ट्रॉबेरीच होती.

सिस्टरबद्दल वाईट बोलणार नाही. सटाण्याकडची मुलगी होती, वेळेवर यायची, हात धुऊन मगच पोरीला हात लावायची. ताप बघायची, नाडी बघायची, टॉर्चने घसा बघून सांगायची. गुरुवारी तिने आम्हाला दाखवलं की टॉन्सिलच्या जागी दोन्हीकडे पांढरट-पिवळी साय धरलीय, दुधावर धरते तशी. मला वाटलं पू झाला. ती म्हणाली ताई हा पू नाही, जखमेवरची खपली तोंडात ओली राहते म्हणून अशी दिसते, पाच ते दहा दिवसांत आपोआप सुटते, तोवर तोंडाला वास येणार, कितीही ब्रश केला तरी येणार. आला. असा आला की बबडी कानात गुपित सांगायला आली की मी श्वास रोखायचे. दुसरा स्टार सिस्टरला.

पण ती कधी आली, तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आणि या तीन दिवसांत बबडीला तसं बरंच बरं होतं! ऑपरेशनच्या वेळी दिलेली दुखण्याची औषधं, घरचं पॅरासिटॅमॉल वेळेवर, व्हॅनिला आइस्क्रीम, मऊ भात-तूप, कार्टून. शुक्रवारी तर ती गच्चीवर पतंग बघायला जाते म्हणून रडली. सिस्टरने फॉर्मवर सही घेतली, 'प्रकृती उत्तम', टाटा केला. शनिवारी सकाळी मेसेज आला, 'आपला अनुभव कसा होता? पाच स्टार द्या.'

त्याच सकाळी पोरगी उठली आणि पाण्याचा घोट घेईना.

टॉन्सिलचं दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जात नाही. दोन दिवस बरं वाटतं, मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वाढतं, पाच-सहाव्याला सगळ्यात जास्त, कुणाकुणाला आठवडाभर. खपली सुटायची वेळ पाचव्या ते दहाव्या दिवसातली, रक्त यायचा धोका परत वाढतो तोही तेव्हाच. डिस्चार्ज कार्डावर याचं एक अक्षर नव्हतं, 'मऊ आहार, एक आठवड्याने दाखवणे' एवढंच. म्हणजे ज्या दिवसांत सिस्टर यायला पाहिजे त्या दिवसांत पॅकेज संपलेलं असतं. हर्नियाच्या पोराला तीन दिवस पुरत असतील, मला माहीत नाही, पण टॉन्सिलवाल्याला तेच तीन दिवस विकणं म्हणजे पावसाळ्याची छत्री मे महिन्यात भाड्याने देऊन सात जूनला परत मागण्यासारखं आहे.

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगवत नाही. लाळसुद्धा गिळेना, रुमालात पुसत बसायची. कान दुखतोय म्हणायची, मला वाटलं आता कानात काय झालं, तर घशाची आणि कानाची नस एकच लागते म्हणे, त्यामुळे घशाचं दुखणं कानात जाणवतं. शेजारच्या काकू म्हणाल्या अगं निमेसुलाइडचा एक चमचा दे, आमच्या पोरांना आम्ही तेच द्यायचो, ताप-दुखणं सगळं पळतं. काकू प्रेमळ आहेत पण ते औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून आपल्याकडे बंदी आहे. सासूबाई वेगळ्याच काळजीत. जानेवारीतलं नाशिक, निफाडकडून येणारा तो वारा, सकाळी नळाला हात लावता येत नाही, आणि आम्ही पोरीला आइस्क्रीम भरवतोय. 'अगं घसा धरेल तिचा!' 'आई, घसा आधीच कापलाय, आता अजून काय धरणार?' असं मी जरा जोरात बोलले, नंतर माफी मागितली. थंड घेतल्याने सर्दी होत नाही आणि दुखणं थोडं बधिर होतं, डॉक्टरांनी स्वतः त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्या गप्प बसल्या, पण गरम पाण्याची पिशवी पोरीच्या पायाशी ठेवलीच. ठेवू देत.

रविवारी दुपारी चार वाजता माझ्या लक्षात आलं की सकाळी सातनंतर तिने शू केलेली नाही. नऊ तास. ओठ सुकलेले, रडतेय पण डोळ्यात पाणी फारसं नाही. अ‍ॅपवर सिस्टर मागितली, उत्तर, 'आपले पॅकेज समाप्त झाले आहे. नवीन व्हिजिट ९०० रुपये, पुढचा स्लॉट उद्या सकाळी ११.' मग मी भूलवाल्या मॅडमना फोन केला, त्यांनी नंबर देऊन ठेवलेला, आठवडाभर काहीही वाटलं तर करा म्हणून. रविवार होता, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

त्यांनी आधी रक्ताचं विचारलं, तापाचं विचारलं, मग म्हणाल्या पॅरासिटॅमॉल किती देताय? म्हटलं पाच एमएल, सहा-सहा तासांनी, फाईलमध्ये लिहिलंय तसंच. म्हणाल्या, बाटली हातात घ्या आणि त्यावर पाच एमएलमध्ये किती मिलिग्रॅम लिहिलंय ते मला वाचून दाखवा.

वाचलं. १२०.

आणि फाईलमध्ये लिहिलेलं २५०.

झालं काय होतं, तर हॉस्पिटलच्या मेडिकलमधून मिळालेली साठ एमएलची बाटली २५० वाली होती. पाच एमएल, दिवसातून चारदा, म्हणजे तीन दिवसांत संपली, बरोब्बर शुक्रवारी रात्री. नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला, 'लहान मुलांचं पॅरासिटॅमॉल सिरप द्या' म्हणाला, त्याने दिलं ते १२० वालं. रंग तोच, वास तोच, खोका पण तसाच, आम्ही पण तेच पाच एमएल भरत राहिलो. म्हणजे दुखणं जेव्हा दुप्पट झालं तेव्हा औषध निम्मं झालं. मुलांचा डोस वजनावर असतो, किलोला १५ मिलिग्रॅम, १७ किलोला २५५. आम्ही देत होतो १२०. पोरगी रडणार नाही तर काय करणार. चूक मेडिकलवाल्याची म्हणा, आमची म्हणा, पण शनिवारी सिस्टर आली असती तर बाटली बघून दोन मिनिटांत तिने सांगितलं असतं, एवढं मात्र नक्की.

उलटही होऊ शकतं हं. १२० ची सवय असलेल्या घरात २५० ची बाटली आली आणि दहा एमएल भरत राहिलात तर डोस दुप्पट, आणि पॅरासिटॅमॉल जास्त झालं की लिव्हरला लागतं. अजून एक, फाईलमध्ये आयबुप्रोफेन 'लागल्यास' असं लिहिलेलं, आम्ही उष्ण पडेल म्हणून हातच लावला नव्हता. मॅडम म्हणाल्या द्या, दोन्हीच्या वेळा वेगवेगळ्या ठेवून, पण नुसतं आयबुप्रोफेन घ्या. मेडिकलमध्ये पटकन मिळतं ते आयबुजेसिक प्लस, त्या प्लसमध्ये पॅरासिटॅमॉल आधीच घातलेलं असतं, पाच एमएलला १६२.५ मिलिग्रॅम, ते दिलं आणि वरून पॅरासिटॅमॉलही दिलं की परत डबल. आणि घरातलं जुनं खोकल्याचं औषध अजिबात नाही, त्यात कोडीन (अफूच्या जातीतलं औषध) असू शकतं. टॉन्सिल काढलेल्या काही मुलांच्या शरीरात कोडीनचं फार पटकन मॉर्फीन होतं आणि श्वास मंदावतो, अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१३ मध्येच टॉन्सिल काढलेल्या मुलांना ते द्यायचं नाही असा इशारा छापायला लावला. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नाहीच. हे सगळं त्यांनी कुकरच्या चार शिट्ट्यांमध्ये सांगितलं.

मग सांगितलं, दुपारचा डोस देऊन चार तास झालेत ना, आता पूर्ण डोस द्या, अर्धा तास थांबा, औषध लागू पडलं की मग पाजायला बसा, आधी नको. दर पाच मिनिटांनी दोन चमचे, थंड काहीही, नारळपाणी, ताक आंबट नसेल तर ताक, आइस्क्रीम वितळवून. संत्रं-मोसंबी नको, झोंबतं. रात्री दोनला गजर लावून उठवून डोस द्या, झोपलीये कशाला उठवा असं करू नका, सकाळी कोरड्या घशाने आणि उतरलेल्या औषधाने उठली की अख्खा दिवस बोंबलतो. सहापर्यंत शू झाली नाही तर घेऊन या, सलाईन लावू.

साडेचारला डोस. पाच वाजता मी वाटी-चमचा घेऊन बसले, नवऱ्याने मोबाईलवर पाच मिनिटांचा टायमर लावला, सासूबाई स्टिकर घेऊन बसल्या. पहिले दोन चमचे तिने डोळे मिटून गिळले, मान खाली घालून, जसं आपण कडू काढा गिळतो. पाचव्या टायमरला स्वतः तोंड उघडलं. पावणेसहाला म्हणाली, 'आजी, शू.' सासूबाई आयुष्यात इतक्या वेगाने कधी उठल्या नसतील.

नंतरचं पटकन सांगते. सोमवार बरा गेला, मंगळवारी खोकताना साईचा एक तुकडा पडला, त्याला रक्ताची बारीकशी रेघ होती, डॉक्टरांना फोटो पाठवला, ठीक म्हणाले. संक्रांतीला घरात तिळाच्या वड्या, ती टक लावून बघत बसलेली, कडक आणि टोकदार काही दोन आठवडे नाही, वडी नाही, चिक्की नाही, टोस्ट नाही, चिवडा तर नाहीच. सासूबाईंनी गुळाची पोळी दुधात तासभर भिजवून तूप घालून कुस्करून दिली, ती वाटीभर गेली. दहाव्या दिवशी घसा मोकळा. एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती, दोन आठवडे ती रात्री दचकून उठायची, दोनदा गादी ओली केली, मी बाथरूमला गेले तरी दाराशी येऊन उभी. भूल आणि हॉस्पिटलनंतर लहान मुलांचं असं होतं, आपोआप जातं. गेलं.

तर पैसे. साडेसहा हजारात माझ्या हाताला लागलं काय, एक थर्मामीटर, पंचवीस रुपयांची सिरिंज, स्टिकर आणि तीन दिवस एक चांगली सिस्टर, चुकीच्या तीन दिवसांत. हीच सिस्टर पहिल्या दिवशी एकदा, मग चौथ्या आणि सहाव्या दिवशी आली असती तर मी चार स्टार दिले असते, लाल पावडर धरून. कंपनीला हे मी लिहून कळवलंय, 'आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद' आलंय. तुमच्याकडे कुणी असं पॅकेज घेऊन आलं तर तारखा तुम्ही ठरवणार का ते विचारा, हो म्हणाले तर घ्या, नाहीतर तेवढ्यात घराजवळची एखादी सिस्टर सुट्या व्हिजिटवर सांगा, आणि औषधाची नवी बाटली आणली की जुन्या बाटलीशेजारी ठेवून आकडा जुळवा. भूलवाल्या डॉक्टरांचा नंबर मागायला लाजू नका. मी मागितला नव्हता, त्यांनी दिला, हे आमचं नशीब.

त्या लाल पावडरची पाच पाकिटं अजून कपाटात आहेत. बबडी म्हणते रंगपंचमीला रहाडीत (आमच्या नाशिकचा रंगाने भरलेला हौद) टाकू.